शिवलेला डबा

माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, दोन्ही हातांची शपथ, आणि ज्या पोटापायी हे सगळं झालं त्या पोटाचीही शपथ, यातला शब्द न शब्द खरा आहे. कुणाला शंका असेल त्यानं आत्ताच उठून जावं, दार उघडंच आहे, जाताना ओढून घ्या म्हणजे झालं. माझी ख्याती मला ठाऊक आहे. एका लठ्ठ माणसाला मी कमरेचा पट्टा शिवून दिला, तो इतका लांब झाला की त्याची दोन टोकं एकमेकांना ओळखेनात, ही गोष्ट मीच सांगितलेली. सर्कशीतल्या हत्तीला चामड्याचे बूट शिवले, दोन जोड, तेही मीच. त्या गोष्टी वेगळ्या. त्यांना मीठ लागतं. ह्या गोष्टीत मी चिमूटभरही घातलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर जे झालं ते त्या हत्तीच्या बुटांमुळेच झालं. म्हणजे असं, की जी बाई जन्मभर थापा मारते ती एक दिवस खरं बोलायला लागली, की घरची माणसं तिच्या तोंडाचा वास घ्यायला लागतात.

माझ्या लेकानं खरंच घेतला. सकाळची वेळ, मी खिडकीशी बसलेली, आणि चष्म्याचं घर माझ्या हातून निसटून खाली पडलं. लेक कामावर निघाला होता, खांद्याला हत्यारांची पिशवी. तो लिफ्ट दुरुस्त करतो, लोकांना वरखाली नेणाऱ्या त्या पेट्यांच्या डोक्यावर उभा राहून दिवस काढतो. तो वाकला, घर उचललं, आणि उठताना माझ्या तोंडापाशी जरासा थांबला. नाकपुड्या हलल्या. बस, एवढंच. मग चष्म्याचं घर माझ्या मांडीवर ठेवून तो गेला. पण माझ्या छातीत काहीतरी सर्रकन उसवलं. हाच मुलगा लहानपणी चोरून जॅम खायचा, आणि तेव्हा मी त्याच्या ओठांना नाक लावून सांगायचे, आज शेजारणीकडेही एक चमचा मारलास ना रे. तो थक्क व्हायचा. आईच्या नाकाला सगळं कळतं असं त्याला वाटायचं. माझ्या नाकाला काहीही कळत नव्हतं, शेजारीण येऊन सांगून जायची. आता तो तेच नाक माझ्यावर चालवत होता, आणि त्याला तर सांगायला शेजारीणही नव्हती. म्हणजे त्याला मनापासून वाटत असणार की आईच्या तोंडाला गोडाचा वास येतो. मी हाताची ओंजळ करून तिच्यात फुंकलं आणि हुंगलं. दात घासायच्या पावडरचा वास आला. पुन्हा फुंकलं. ह्या खेपेला थोडासा दुसराही कसला तरी आला, आणि मी हात झटकून टाकला.

साखर माझ्या रक्तात केव्हा शिरली ते मला सांगता येणार नाही, पाहुणी आली तेव्हा मी दुकानात होते. बरीच वर्षं गोळ्यांवर भागलं. मग गोळ्यांनी हात टेकले. तहान अशी लागायची की मी नळाखाली तोंड धरून पाणी प्यायचे, गुरासारखी, आणि पाणी प्यायलं की आलेच खेटे, मोरीकडे. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. खाल्लेलं कुठं जात होतं कुणास ठाऊक, जेवून उठलं की पुन्हा भूक, आणि अंगात मात्र पिशवी उचलायचंही बळ नाही. पायाच्या अंगठ्याला चामडं टोचायची आरी लागून एक जखम झाली होती, साधी, माझ्या धंद्यात अशा जखमांना कुणी विचारत नाही. ती मिटेचना. रोज तिच्याकडे बघायचं आणि ती रोज माझ्याकडे बघायची. तेव्हा डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं. आमच्या इमारतीतल्या बायका सांत्वनाला आल्यासारख्या येऊन बसल्या, म्हणाल्या, एकदा ते चालू झालं की संपलंच म्हणायचं. मीही घाबरले होते, उगाच कशाला लपवू. दवाखान्यातली सिस्टर, मोठी टवळी, केसांना कायम पेन खोचलेलं, तिनं मला समजावलं. म्हणाली, आजी, हे काही बाहेरचं विष नाही, सगळ्यांच्या पोटात आपसूक तयार होतं, तुमच्यात आता पुरेसं होत नाही एवढंच. मला ते माझ्या भाषेत कळलं. दुकानाच्या दारात माल येऊन पडलाय, आणि आत घेणारा हमालच रजेवर. माल दारात कुजतोय, आत कारागीर उपाशी. इन्सुलिन म्हणजे तो हमाल.

आणि हमाल आला तो काय कामाचा निघाला. तहान गेली. झोप सलग लागायला लागली. बांगड्या मनगटावर परत आल्या. अंगठ्याची ती जखम एका सकाळी बघते तर कोरडी, कडा एकमेकींना भेटलेल्या, जसा चांगला टाका बसतो तशा. मी लेकाला बोलावून दाखवली. सुनेला दाखवली. जिन्यात भेटलेल्या पोस्टमनलाही दाखवली असती पण तो घाईत होता. ते इन्सुलिन पेनातून घ्यायचं, मागची चकती फिरवून आकडा लावायचा, पोटाला टेकवायचं, दाबायचं. सुई केसाएवढी. दुखतं का हो, असं सगळ्यांनी मला विचारलं आणि मी सगळ्यांना हसले. जिच्या बोटांत जन्मभर आऱ्या आणि दाभणं घुसली तिला ते काय दुखणार. मला सुई कधी दुखली नाही, एकदाही नाही, लिहून घ्या.

सुईशी माझं नातं तुम्हांला कळायचं तर सासऱ्यांना ओळखलं पाहिजे. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं दुकान होतं, चामड्याच्या पिशव्या, पट्टे, गाड्यांच्या गाद्या. घरात सासू नव्हती, त्यामुळं सासूचा जाच सासऱ्यांनीच केला, आणि तो सगळा कामापुरता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात आरी दिली आणि एक तुकडा पुढं टाकला. मी भोक पाडलं ते वाकडं पडलं. म्हटलं, शेजारी दुसरं पाडते. त्यांनी माझं मनगट धरलं. कापडाचं भोक मिटतं, म्हणाले, चामड्याचं मिटत नाही. पडलं ते पडलं. आता ह्याच भोकातून तुला जायचंय, उसवलंस तरी ह्याच, पुन्हा शिवलंस तरी ह्याच. शेजारी दुसरं पाडलंस की दोघांमधलं चामडं फाटतं आणि पिशवीचं पोट बाहेर. ते वाक्य माझ्या हाडांत गेलं. मी जुन्या पिशव्या उसवून पुन्हा अशा शिवायचे, त्याच भोकांतून, मेण लावलेला दोरा ओढत, की ज्यानं दिली त्यालाही कळायचं नाही. म्हणून जेव्हा सिस्टरनं सांगितलं की आजी, रोज जागा बदलायची हं, तेव्हा मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मनात म्हटलं, पोरी, तू कातड्याला काल भेटलीस. बेंबीच्या डावीकडे मी एक जागा धरली आणि रोज तिथंच. अगदी तिथंच. अंधारातही बोट बरोबर तिथं जायचं. बाकीच्या पोटाला एक ओरखडा नाही, मी न्हाताना बघायचे आणि मला अभिमान वाटायचा, एवढी वर्षं वापरलेली पिशवी आणि फालतू भोक एक नाही.

मग आकडा चढायला लागला. सकाळी बोट टोचून पट्टीवर थेंब लावायचा, यंत्रात आकडा उमटायचा, आणि तो रोज थोडा वरच. डॉक्टर घाईचे, त्यांच्या खोलीत पुढचा पेशंट मागच्याच्या मांडीवर बसतो म्हणा ना. त्यांनी कागद बघितला, विचारलं, गोड खाता का, मी म्हटलं नाही, त्यांनी इन्सुलिन वाढवलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, पुन्हा वाढवलं. तहान परत आली. पायांत मुंग्या. चष्म्याच्या पलीकडचं जग ओल्या काचेतून दिसल्यासारखं. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, तिनं तीनदा काच तपासून आणली आणि मग एक दिवस हळूच म्हणाली की आई, काचेत काही नाहीये. बाई शहाणी आहे, कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचं थोडंसुद्धा फार लागतं. त्याच आठवड्यात तिनं साखर, बिस्किटं, मध, जॅम सगळं एका पत्र्याच्या डब्यात भरलं आणि डबा कपाटावर ठेवला. मी खालून त्या डब्याकडे बघायचे आणि डबा वरून माझ्याकडे.

वास घेतला त्याच संध्याकाळी लेक माझ्यासमोर बसला. आधी त्यानं लिफ्टच्या गोष्टी सांगितल्या, कुठं कोण अडकलं, कसं काढलं, म्हणजे मला कळलंच की आता वरच्या मजल्यावर नेऊन दोर कापणार. तो म्हणाला, डॉक्टर म्हणतात एवढ्या इन्सुलिननं घोडा खाली बसेल, तुझी साखर हलत नाही. म्हणजे एक तर तू घेत नाहीस, नाही तर तू खातेस.

मी म्हटलं, घेते. आणि खात नाही.

त्यावर तो हसला. वाईट नाही हसला, बिचारा दमलेला होता, पण हसला, हत्तीच्या बुटांना हसतो तसा. म्हणाला, "आई, रविवारपासून पेन हिच्याकडे राहील. ही देईल सकाळ-संध्याकाळ. तुझ्या हातात नको."

सून खाली बघत होती. मला राग तिचा आला नाही, त्याचाही नाही. मला माझ्या हातांकडे बघवेना. ह्या हातांनी घर चालवलं, आमचे हे गेल्यावर दुकान चालवलं, ह्याला ती लिफ्टची विद्या शिकवली, आणि आता ह्या हातांत एक पेन ठेवायला माणसं भितात. पेन गेलं म्हणजे काय जातं ते त्यांना कळत नव्हतं. दिवसात दोन वेळा मी माझं स्वतःचं काहीतरी करत होते, आपलं मोडलेलं आपल्या हातानं शिवत होते. ते गेलं की मी त्या खिडकीशी ठेवलेली एक वस्तू, जिला लोक वेळेवर टोचतात. मी म्हटलं, रविवारपर्यंत माझ्याकडे आहे ना. तो म्हणाला, आहे. मी म्हटलं, मग बघू.

बघू म्हटलं खरं, पण बघायचं काय. आपण खरं बोलतोय हे सिद्ध करायची मला सवय नव्हती, मला नेहमी उलटं करावं लागलं होतं. मी ताटातलं सगळं सुनेसमोर खाल्लं, दुपारी शेजारीण बसवून घेतली, पेनही लेकासमोर लावलं, पदराआड. दुसऱ्या सकाळी आकडा तसाच. आणि मग माझ्या मनात ती वळवळ शिरली. खिडकीबाहेर रस्ता नेहमीसारखा, समोरच्या सलूनवाल्यानं खुर्ची पुसली, कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, आणि मी बसल्या बसल्या विचार करतेय की मी खात तर नसेन. झोपेत. माणसं झोपेत चालतात, आमचे हे झोपेत मापं सांगायचे, मग मी झोपेत साखर का खाणार नाही. तो दुसरा वास, ओंजळीतला, तो कसला होता. मी जीभ टाळूवरून फिरवली. गोड वाटलं. पुन्हा फिरवली, वाटलं नाही. लहानपणी आईला मी सांगितलं होतं की पाण्याची घागर मांजरीनं फोडली, आणि इतक्या वेळा सांगितलं की पुढं मला ती मांजर दिसायला लागली, काळी, शेपटीला पांढरा ठिपका. ती आजही दिसते. घागर कुणी फोडली ते मात्र मला आता खरंच माहीत नाही. अशा डोक्यात एखादी बाई रात्री उठून, स्टूल ओढून, डबा काढून, खाऊन, पुन्हा निजली असेल आणि सकाळी माझ्या तोंडानं नाही म्हणत असेल, तर मी तिला कुठं पकडू. भीती मरणाची नव्हती. भीती अशी होती की लेक बरोबर असेल आणि मीच माझी थाप असेन.

पण मी रडत बसणारी नव्हे. चोर पकडायचा तर चोराच्या हाताला ओळखणारं कुलूप पाहिजे. मी सुनेकडून डबा खाली घेतला, तिच्यादेखत, आणि जुन्या पेटीतून गाईच्या चामड्याचा एक चांगला तुकडा काढला. डब्याला अंगरखा बेतला, झाकणासकट, वरून खालून, आणि मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी टाक्यात शिवून टाकला. डोळे धूसर, पण हातांना डोळे लागत नाहीत. सून आधी बघत राहिली, मग म्हणाली, आई, चहात साखर आम्हीही घेतो हो. मी म्हटलं, रविवारपर्यंत तुम्हीही पथ्य करा. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. लेक घरी आला, डबा बघितला, आणि कपाळाला हात लावून आत गेला.

सकाळी उठले ती थेट डब्याकडे. टाके जसेच्या तसे. बोट टोचलं, पट्टी लावली, आकडा तोच, वरचा. मला नाचावंसं वाटलं. मी सुनेला हाक मारायला तोंड उघडलं आणि तोंड तसंच राहिलं. कारण जगात एकच बाई अशी होती जी तो डबा उसवून, खाऊन, त्याच भोकांतून पुन्हा असा शिवू शकली असती की कुणाला कळू नये. ती मीच. मी खाली बसले, डबा मांडीवर घेतला. माझ्यावर विश्वास ठेवायला आता फक्त चामडं उरलं होतं. चामडं खोटं बोलत नाही, फक्त त्याला नीट विचारावं लागतं. एकदा ओवलेलं भोक काठाला सपाट असतं. दोनदा ओवलेल्याचा काठ सैल होतो, जरा फुगतो, बोटाखाली ओठासारखा लागतो. गिऱ्हाइकाला कळत नाही, शिवणाऱ्याला कळतं. मी डोळे मिटले आणि बोट फिरवत गेले, एकेक टाका, एकेक काठ. सपाट. सपाट. सपाट. सगळ्या डब्याभोवती फिरले आणि एकही ओठ लागला नाही. मी खाल्लं नव्हतं. झोपेतली ती बाई नव्हतीच. तेवढ्या आनंदात माझं बोट थांबायचं विसरलं आणि डब्यावरून पोटावर आलं, पातळ झालेल्या लुगड्यावरून, बेंबीच्या डावीकडे, सवयीनं, आपल्या जागी. आणि तिथं ते ओठासारखं लागलं.

ओठ कसला, अख्खी उशी. मी पदर बाजूला केला. इतके दिवस रोज ज्या जागी हात जात होता तिथं मी कधी दाबून बघितलं नव्हतं. कातडीखाली मऊ, जाडसर, लिंबापेक्षा मोठा गोळा, गादीत कापूस एका जागी गोळा होतो तसा. दाबला तर दुखेना, चिमटा घेतला तर कळेना, जणू माझं नव्हतंच ते. गादीचा कापूस गोळा झाला की पाणी सांडलं तरी तिथंच मुरतं, पलीकडे जात नाही, हे मला माहीत होतं. औषधही तिथंच मुरत असेल का? मला सिस्टरचा आवाज आठवला, रोज जागा बदलायची हं, आणि सासऱ्यांचा हात मनगटावर आठवला, आणि मला पहिल्यांदाच असं वाटलं की सासरे मेलेल्या जनावराच्या चामड्याबद्दल बोलत होते. माझं तर अजून जितं आहे.

इथं कुणी शहाणी बाई असती तर दवाखान्यात फोन करती. मी पेन उचललं. ठरलेला पूर्ण आकडा लावला, तोच घोडा बसवणारा, आणि बेंबीच्या उजवीकडे, कोऱ्या जागी, टोचलं. दुखलं नाही अर्थात. नाष्टा केला. लेक कामाला गेला, सुनेची त्या दिवशी सुट्टी होती, ती आत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी खिडकीशी बसले आणि वाट बघत बसले, परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखी.

निकाल लागला. आधी पोटात खड्डा पडला. मग तळवे ओले, मग मानेवरून घाम, थंड, पाठीच्या कण्यातून ओघळत गेला. समोरच्या सलूनवाल्याची खुर्ची रस्त्यावर आल्यासारखी वाटली, मग परत गेली. हात थरथरायला लागले, माझे हात, जे भूकंपातही टाका चुकवत नाहीत. मला कळत होतं की काहीतरी होतंय, पण त्या कळण्याला शब्द सापडत नव्हते, शब्द डब्यात होते आणि डबा शिवलेला होता. सगळं फार लांब आणि फार चकचकीत. मला सासरे दिसले, ते म्हणाले भोक कुठाय, आणि मी पोट दाखवलं, आणि मला हसू यायला लागलं. मी उठायला गेले आणि भिंतीनं मला धरलं. हाक मारली की नाही कुणास ठाऊक. सून आली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, यंत्र आणलं, बोट टोचलं, आणि आकडा बघून तिचा चेहरा कागदासारखा झाला. इतका खालचा आकडा ह्या घरानं पाहिला नव्हता. साखर, ती म्हणाली, साखर, आणि धावत गेली, आणि डबा घेऊन आली, आणि आम्ही दोघींनी त्या डब्याकडे बघितलं.

घरातली सगळी साखर त्यात होती. तिनं नखं घातली. कात्री घातली, भाजीची कात्री, मेणाच्या दोऱ्यावरून घसरली. माझा दुहेरी टाका, तो बैलाला तुटत नाही. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, तोंडाशी तोंड आणून म्हणाली, "आई, आता तरी सांगा, हा उघडायचा कसा?"

मी जन्मात माझा टाका कापू दिलेला नाही. उसवते मी, सावकाश, एकेक, चामड्याला कळूही न देता. मला उसवायचं कसं ते सांगायचं होतं, दोरा कुठं संपवला ते सांगायचं होतं, तोंडात जीभ चामड्यासारखी पडली होती. मी डोळ्यांनी पेटीकडे दाखवलं. ती पेटीकडे धावली, रापी घेऊन आली, चामडं सोलायची ती रुंद सुरी, जिला मी कुणाला हात लावू देत नाही. रापी टाक्यावर टेकवून ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं. तेवढं धैर्य मी गोळा केलं आणि म्हटलं, "काप."

तिनं कापलं. एकाच ओढीत, वरपासून खालपर्यंत, मी शिकवलेल्या कुठल्याही माणसानं कापलं नसतं इतकं वेडंवाकडं. साखर पाण्यात ढवळली आणि पेला माझ्या ओठांना लावला. मी प्यायले. थोड्या वेळानं भिंत जागेवर गेली, सलूनवाल्याची खुर्ची जागेवर गेली, घाम सुकला. पुन्हा बोट टोचलं, आकडा वर येत होता. सून जमिनीवर तशीच बसली होती, मांडीवर कापलेला डबा, तोंडाला साखर लागलेली, कारण बहुतेक मला पाजता पाजता तिनंही एक चमचा तोंडात टाकला होता. ती म्हणाली, तुम्ही खात नव्हता. म्हणजे प्रश्न नाही, नुसतं म्हणाली. मी तिचा हात धरला आणि माझ्या पोटावर ठेवला, डावीकडे. हे बघ, म्हटलं. तिनं दाबलं. बराच वेळ दाबत राहिली, आणि मग दुसरा हात तोंडावर घेतला.

दुपारीच ती मला दवाखान्यात घेऊन गेली. सिस्टरनं गोळा चाचपला आणि आधी स्वतःवरच चिडली, म्हणाली, इतक्या खेपांना आम्ही पोट दाखवा म्हटलंच नाही, नुसते कागद बघत बसलो. मग माझ्यावर चिडली, ते जरा लांबलं. एकाच जागी रोज टोचलं की तिथली चरबी अशी फुगते, त्यात इन्सुलिन अडकून बसतं, कधी झिरपतं, कधी नाही. म्हणून साखर उतरत नव्हती, म्हणून डॉक्टर वाढवत होते, आणि तुम्ही तो वाढवलेला सगळा डोस आज चांगल्या जागी दिलात, कुणाला न विचारता. कमी करून, विचारून, सारखी साखर तपासत जागा बदलायची असते, आजी. आज घरी कुणी नसतं तर? डॉक्टरांनी घाई बाजूला ठेवली, स्वतः हात लावून बघितलं, आणि डोस बराच उतरवला. त्या फुगलेल्या जागेला आता विसरायचं, म्हणाले, टोचायचं नाही, काही महिन्यांत आपोआप बसेल. सिस्टरनं केसांतलं पेन काढून माझ्या पोटावर रेघा आखल्या, इथं हा आठवडा, इथं पुढचा, प्रत्येक वेळी बोटभर पुढं. बेतणीच ती, कापायच्या आधी चामड्यावर आखतात तशी. मला एकदम आठवलं, सासरे आणखी एक सांगायचे, ते मी सोयीनं विसरले होते. म्हणायचे, टाका पुढं सरकला नाही तर हजार वेळा ओवलास तरी शिवण होत नाही.

संध्याकाळी लेक आला तेव्हा सुनेनं त्याला जिन्यातच सगळं सांगितलं असणार, कारण तो पिशवी न उतरवता माझ्याजवळ आला आणि वाकला. त्या क्षणी त्यानं वास घेतला असता तर साखरेचाच आला असता. त्यानं घेतला नाही. म्हणाला, रविवारचं राहू दे. मी म्हटलं, राहू दे कसं, ठरलंय ना. पेन माझ्याकडे, आणि जागा सूनबाई बघेल, रोज, हात लावून. ती म्हणाली, मला चालेल. तो म्हणाला, आणि मी? म्हटलं, तू साखरेचा डबा सांभाळ, झाकणाला टाका घालू नकोस म्हणजे झालं.

आता आकडा खाली आलाय, रोज नाही, पण बहुतेक रोज. तहान पुन्हा गेली. समोरच्या सलूनवाल्याची मिशी मला इथून दिसते, काल त्यानं ती वाकडी कापून घेतली होती. डावीकडची उशी दबत चाललीय. डब्याचा अंगरखा मी टाकला नाही, ती वेडीवाकडी चीर तशीच ठेवलीय, आमच्या घरातला एकमेव टाका जो मी नीट करणार नाही.

शब्द न शब्द खरा म्हटलं होतं, आणि आहे. एवढंच की सुई दुखत नाही म्हटलं, तीनदा म्हटलं, ते मी रचलं. दुखते. पहिल्या दिवशी पेन हातात घेऊन मी मोरीत इतका वेळ उभी होते की सुनेनं दार वाजवलं. आरी बोटात घुसते तेव्हा ती चुकून घुसते, स्वतःच्या पोटात स्वतःहून घालणं वेगळं. त्या एका जागी काही दिवसांनी दुखायचं बंद झालं, म्हणून मी तिथंच राहिले, आणि सासऱ्यांचं वाक्य त्यावर पांघरलं. बाकी सगळं तसंच घडलं. हत्तीचे बूटही खरेच. आता रोज नवी जागा, आणि नवी जागा रोज दुखते. उद्याची मी आत्ताच बघून ठेवलीय, उजवीकडे, कालच्या खुणेपासून बोटभर पुढं.